वहीतलं कुंकवाचं बोट

चौथीतल्या एका मुलीशी मी खोटं बोलले. बोलताना ते खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण हे आता सांगून काय उपयोग. तिनं विचारलं होतं, "बाई, तुमी केलं तवा पेटला व्हता का?" आणि मी जराही न थांबता म्हटलं होतं, "हो, पेटला होता." माझ्या वहीत त्या प्रयोगासमोर कुंकवाचं बोट उठवलेलं होतं. त्या बोटाच्या जिवावर मी बोलले.

हे बोट काय ते आधी सांगायला हवं.

तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी लागले, तेव्हा तिथं ताई आधीपासून होत्या. शाळा दोनशिक्षकी. त्या नि मी, वीस-बावीस पोरं, एक कडुनिंब आणि दार न लागणारं एक कपाट. मी रुजू झाले त्याच महिन्यात शाळेला पुस्तकांचं खोकं आलं. त्यात विज्ञानाची पुष्कळ पुस्तकं होती. मी नव्या उत्साहात ती पटापट कपाटात रचायला घेतली. ताईंनी त्यातलं वरचं एक उचललं, मधलं पान उघडलं आणि विचारलं, "हे केलंस का?"

"वाचलंय की," मी म्हटलं.

"वाचलंस ते दिसतंय. केलंस का?"

पानावर प्रयोग होता. पेला पाण्यानं काठोकाठ भरा, वर पुठ्ठा ठेवा, पेला उलटा करा, पाणी सांडणार नाही. शेजारी हसऱ्या मुलाचं चित्र होतं, त्याच्या हातात चांगला जाड पुठ्ठा. मी तिथंच, टेबलाशी, तसाच जाड पुठ्ठा घेऊन पेला उलटा केला. सगळं पाणी हजेरीपटावर. ताई पोट धरून हसल्या, मग पदरानं हजेरीपट टिपता टिपता म्हणाल्या, "पातळ कागद पाहिजे. पुस्तकवाल्यानं स्वतः केलेलंच नाही. आता हे वर्गात झालं असतं तर? पोरं असं म्हणत नाहीत की पुस्तक चुकलं. पोरं म्हणतात, मी चुकलो."

हे वाक्य मी नोकरीभर सांभाळलं. बीएड-डीएडच्या नोट्स कुठं गेल्या मला माहीत नाही, हे वाक्य राहिलं.

तेव्हापासून आमची रीत ठरली. पुस्तक वाचून झालं की वहीतल्या यादीत त्याच्यासमोर पेन्सिलीची खूण. त्यातले प्रयोग स्वतःच्या हातानं करून झाले की बोट पाण्यात बुडवून, कुंकवात टेकवून, त्याच ओळीत एक लाल ठसा. ज्याच्यापुढं बोट नाही ते पुस्तक पोरांच्या हातात जायचं नाही. कुंकू का, तर लाल पेन शाळेत कधी टिकलं नाही आणि सरस्वतीच्या फोटोपाशी कुंकवाचा करंडा कायम भरलेला असायचा. त्यातही ताईंचा हट्ट, कुंकू हळदीचंच पाहिजे, पिंजर चालायची नाही. कारण दर वर्षी तिसरीच्या पहिल्या दिवशी त्या पोरांपुढं त्या कुंकवावर लिंबू पिळायच्या. लाल कुंकू बघता बघता पिवळं व्हायचं. पोरं आ वासून बघायची. "हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं," ताई सांगायच्या, "आणि लिंबू त्याला परत हळदीच्या रंगावर आणतं." पोरं घरी जाऊन आयांचे करंडे नासवायची. आया भांडायला यायच्या. ताईंना त्याचाच आनंद व्हायचा.

पुस्तकं निवडायची आमची आणखी एक चाचणी होती. जेवणानंतर, पोरं सुस्तावलेली असताना, पुस्तक मोठ्यानं वाचायचं. ज्या पानावर पोरं एकमेकांना चिमटे काढायला लागतात, ते पान दुमडायचं. तीन पानं दुमडली की पुस्तक बाद. मोठमोठी गुळगुळीत कागदाची पुस्तकं या परीक्षेत नापास झाली. एकात बर्फ वितळायचा धडा होता आणि चित्रात बर्फाचा माणूस, नाकाला गाजर लावलेला. दुसरीतल्या एकीनं विचारलं, "बाई, ह्यो कापसाचा हाय का?" एकात मेंढीवर आख्खं पान होतं. मेंढी हा गवत खाणारा पाळीव प्राणी आहे. ज्यांचे आजे आयुष्यभर मेंढरांमागं हिंडले त्या पोरांना हे वाचून दाखवायची मला लाज वाटली. पान दुमडलं.

व्हिडिओंची तर गंमतच. जवळच्या एका कंपनीनं शाळेला टीव्ही दिला तेव्हापासून ते खूळ आलं. कुणी तरी आरडाओरडा करणारा दादा, मागं ढोलताशासारखं म्युझिक, आणि शेवटी विज्ञान पाऊण मिनिटाचं. ताई म्हणायच्या, ज्या व्हिडिओत माणूस बोलताना एकदाही श्वास घेत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मग ताईंची बदली झाली. भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात, खुटबावच्या बाजूच्या शाळेत. त्यांनी घर वरवंडला घेतलं. मी रडले. खोटं कशाला सांगू, बदल्यांच्या यादीपुढं उभी राहून रडले.

पण काम तुटलं नाही. केंद्रप्रमुखांनी मला सांगितलं की आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या कपाटांसाठी आणि टीव्हीसाठी विज्ञानाची एक पक्की यादी करून द्या. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पुस्तकं तू बघ, व्हिडिओ मी बघते. तुझ्याकडं नेटला रेंज नाही." खरंच नव्हती. मी पुस्तकांची पानं भरून वही न्हावऱ्याकडून जाणाऱ्या जीपवाल्याकडं द्यायची. ती त्याच्या डॅशबोर्डवरून चौफुल्यापर्यंत जायची, तिथून ताई न्यायच्या. दीड महिन्यानं वही परत आली तेव्हा सोबत पेनड्राइव्ह होता आणि वहीत त्रेचाळीस व्हिडिओंची यादी. प्रत्येकापुढं खूण. प्रत्येकापुढं बोट.

मला इतका अभिमान वाटला की केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी ती वही सगळ्यांना फिरवून दाखवली. हे बघा, एकही गोष्ट आम्ही करून बघितल्याशिवाय घेतलेली नाही. एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुमचा देवावर नसेल एवढा ताईंवर विश्वास आहे." मी म्हटलं, आहेच.

आता त्या मुलीचं. तिच्या घरची पूर्वी मेंढरं होती. आता शाळेमागच्या माळावर त्यांची लिंबाची बाग आहे. पुस्तकातलं जे काही वर्गात व्हायचं ते ही पोरगी घरी जाऊन परत करायची आणि दुसऱ्या दिवशी दारातूनच सांगायची, "बाई, झालं." नुसतं एवढंच. काय झालं, कसं झालं, ते विचारल्यावर सांगायची. वर्गात चुणचुणीत पोरं आणखीही होती, पण 'झालं' म्हणणारी ही एकटीच. तिच्यासाठी म्हणून मी कितीदा तरी पुस्तक निवडलंय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वहीतला एकोणिसावा व्हिडिओ लिंबाचा होता. एक लिंबू, त्यात एका बाजूनं खिळा, दुसऱ्या बाजूनं तांब्याची तार, आणि त्यावर जोडलेला बल्ब लख्ख पेटतो. बघून अख्खा वर्ग ओरडला. तिनं काही ओरडा केला नाही. ती टीव्हीच्या जवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "बाई, परत लावा."

दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली, पण 'झालं' म्हणाली नाही. दप्तरातून लिंबू काढलं, खिळा काढला, जळक्या मोटारीच्या कॉइलची तार काढली, तिच्या आजोबांच्या, आबांच्या बॅटरीतला बल्ब काढला. सगळं माझ्या टेबलावर जोडून दाखवलं. बल्ब पेटला नाही. मी म्हटलं, तार घट्ट लाव. लिंबू जरा मळून घे. दुसरं लिंबू बघ. तेव्हा तिनं तो प्रश्न विचारला, आणि मी वहीतल्या बोटाकडं बघून 'हो' म्हणाले.

मग दीड महिना. पिकलेलं लिंबू, हिरवं लिंबू, मोठं, बारीक. तार पॉलिश पेपरनं घासून. खिळा नवा. बल्ब आधी सेलवर लावून, तो चालतोय याची खात्री करून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं, तिनं तिचं तिनं शोधलं. शास्त्रज्ञ जे करतात ते सगळं ती करत होती आणि मी शिक्षिका असून मला एवढंच दिसत होतं की हिचा बल्ब पेटत नाही. मी तिला समजावत राहिले. जमेल गं, जमेल.

एक दिवस तिनं तार गुंडाळून दप्तरात टाकली. "बाई, माझ्या हातालाच न्हाई जमत. तुमच्या हातानं पेटला व्हता ना?"

त्यानंतर ती प्रयोगाच्या तासाला मागं बसायला लागली. पुढं ये म्हटलं की शेजारणीकडं बोट दाखवायची. "तिला द्या बाई. माझ्याच्यानं न्हाई व्हत." वर्गात सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त दारातून कुणी 'झालं' म्हणत नव्हतं. मला ते खुपत होतं, पण मी त्याचं कारण तिच्यातच शोधत होते. वयात येतेय, म्हटलं. घरी काही असेल, म्हटलं.

बाजाराच्या दिवशी तळेगावात तिचे आबा भेटले. लिंबाचं पोतं पुढं घेऊन बसले होते. मी लिंबं निवडायला वाकले तर म्हणाले, "बाई, पोरीनं लई लिंबं चिरली बगा. म्या म्हटलं, न्हाई जमत तर सोड. आता सोडलंय तिनं." मग हसून म्हणाले, "मेंढरं राखल्याली मानसं आमी. आमच्या हाताला इजंचं काम कुठनं जमायचं?"

ते सहज बोलले. त्यांनी पाच लिंबं माझ्या पिशवीत टाकली, पैसे काही केल्या घेतले नाहीत.

घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि जेवायच्या आधी तो प्रयोग मी आयुष्यात पहिल्यांदा केला. खिळा, तार, बॅटरीतला बल्ब. काही नाही. पाचही लिंबं एकेक करून लावली. काही नाही. हायस्कूलला विज्ञान शिकवणाऱ्या एका सरांना फोन केला तर ते हसायलाच लागले. "एका लिंबावर बल्ब? मॅडम, चार लिंबं एकापुढं एक जोडली, तर खेळण्यातला तो इवलासा लाल दिवा मिणमिणेल. तोही डोळ्यांवर हात धरून बघावा लागेल. तुमच्या व्हिडिओवाल्यानं खालून सेल लावला असणार." फोनमध्ये उतरवून घेतलेला व्हिडिओ मी परत लावला, थांबवून थांबवून बघितला. टेबलावरच्या कापडाखाली उंचवटा होता. इतका ढळढळीत, की करून बघणाऱ्याला तो दुसऱ्या मिनिटाला दिसला असता.

मला व्हिडिओवाल्याचा राग आला नाही. तो परका माणूस, त्याचा धंदाच तो. मला ते लाल बोट आठवलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर जीपनं निघाले. चौफुल्याला उतरून दुसऱ्या गाडीनं वरवंड. ताई दारातच भेटल्या, खूश झाल्या. "अगं, फोन तरी करायचास." घरभर मतदार यादीचे कागद पसरलेले होते, त्यांनी ते हातानं बाजूला सारून मला जागा केली आणि चहा टाकला. मी वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली, एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, हे केलं होतंत?"

त्यांनी चष्मा लावला. "लिंबाचं का? बघितलं होतं की. छान आहे तो."

"बघितलं ते दिसतंय. केलं होतंत का?"

त्यांना त्यांचेच शब्द ओळखू आले. चेहऱ्यावरून मला कळलं. त्या म्हणाल्या, "अगं, पेटलेला दिसतोय की त्यात. डोळ्यांना दिसतंय त्याला करून काय बघायचं?"

त्याच बोलत राहिल्या. इथं पटसंख्या किती, कागद किती, रोज फोनवर माहिती किती भरायची, सर्व्हे, याद्या. हे सगळं खरं होतं. तेच मीही भरते. त्यांनी मला एवढं म्हटलं असतं की मला जमणार नाही, तू बघ, तर मी गपगुमान डोंगरावर चढून रेंज शोधली असती. बोट न उठवता वही पाठवली असती तरी चाललं असतं. मोकळी जागा मला समजली असती.

"आणखी किती आहेत असे?" मी विचारलं.

त्यांनी पानं उलटली. खालची, वरची. "काही केलेत गं. ते फुग्याचं केलंय. सावलीचं केलंय वाटतं." मग चष्मा काढला. "आता नाही आठवत."

सगळेच खोटे आहेत असं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान सगळं पान फाडून टाकता आलं असतं.

मी त्यांना मुलीचं सांगितलं. दीड महिना, लिंबं, आबा, सगळं. त्यांनी मनापासून ऐकलं, चुकचुकल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एवढं नको मनाला लावून घेऊस. पोरं विसरतात."

माझ्या हजेरीपटावरचं पाणी पदरानं टिपणारी बाई ती हीच. मला वाटत होतं आपण भांडू, निदान मोठ्यानं बोलू. काहीच झालं नाही. मी चहा घेतला आणि उठले. तो चहा मी का घेतला, याचं मला अजून वाईट वाटतं.

परतीच्या जीपमध्ये भीमेचा पूल येईपर्यंत मी नुसती धुमसत होते. मला फसवलं. मला, जी यांच्या एका वाक्यावर नोकरी करत आली. पूल ओलांडल्यावर दुसरं सुचलं, की करून न बघता 'हो' तर मीही म्हणाले होते. हे कबूल. पण त्यानं ताईंनी केलेलं एका कणानंही कमी होत नाही, आणि ते कमी करायची माझी इच्छाही नाही.

सोमवारी परिपाठ झाल्यावर मी टेबलावर खिळा-तारेसाठी चिरलेली लिंबं ठेवली, वही ठेवली आणि वर्गाला सांगितलं. एका लिंबावर बल्ब पेटत नाही. कुणाच्याच हातानं पेटत नाही. व्हिडिओ खोटा आहे.

वर्गात चुळबुळ झाली. ती मागं बसली होती. म्हणाली, "मग तुमी व्हय म्हणाला व्हता."

"म्हणाले होते. न करताच म्हणाले."

तिला मी पुढं बोलावलं. ती आली. मी तिला वहीतली ओळ दाखवली, खूण म्हणजे काय, बोट म्हणजे काय, सांगितलं. हे बोट करून न बघता उठवलंय, हेही सांगितलं. कुणी उठवलं ते नाही सांगितलं. तिनं ओळ नीट वाचली, ओठ हलवत.

"म्हंजी माझं बरूबर व्हतं," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. हसलीही नाही. मला वाटलं होतं हसेल.

"तुझं सगळं बरोबर होतं. तुझ्या आबांना मी स्वतः येऊन सांगणार आहे." मी खेळण्यातला लाल दिवा पुढं केला. "चार लिंबांवर हा पेटतो म्हणतात. मीही अजून केलेलं नाही. आपण दोघी करू या?"

"नगं," ती म्हणाली.

तिनं टेबलावरचं चिरलेलं लिंबू उचललं आणि एकोणिसाव्या ओळीतल्या बोटावर पिळलं. तिसरीत ताईंनीच तिच्या वर्गाला ते दाखवलं होतं, बदलीच्या आधी. लाल ठसा कडेनं पिवळा होत गेला, मग सगळाच पिवळा झाला आणि कागदावर ओला डाग पसरला. वर्ग उभा राहून बघत होता. तिनं पान उलटलं. मग आणखी एक. पुढच्या पानांवर व्हिडिओंची बोटं होती, मागच्या पानांवर पुस्तकांची, माझी, एकेक प्रयोग करून उठवलेली. सगळी सारखीच लाल होती.

लिंबू तसंच हातात धरून तिनं माझ्याकडं बघितलं.

"बाई, बाकीच्यांवर बी पिळू का?"

माझी खरी आहेत असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ते तिनं कशावरून मानायचं? मी वही तिच्यापुढं सरकवली आणि म्हटलं, "पीळ."